आड म्हणा की बारव

व्यंकटी सोनकांबळेनं सरकारी रजिस्टरात आयुष्यभरात हजारो शब्द लिहिले असतील. त्यातला एकच शब्द त्यानं हौसेनं लिहिला, आणि नेमका तोच त्याच्या अंगलट आला.

तांबडवाडी हे औसा तालुक्यातलं त्याचं गाव. शिक्षण सातवी. काम नारूचं, म्हणून पंचक्रोशीत सगळे त्याला नारूवाला म्हणत. व्यंकटी हे नाव त्याच्या आजीनं बालाजीवरून ठेवलेलं. पुढं छप्पन साली घरानं धम्म घेतला, देव्हाऱ्यातले देव गेले, हे नाव तेवढं राहिलं. "म्या देवाला सोडलं, पर देवानं मला काय सोडलं न्हाई," असं तो हसून सांगायचा. ते हसणंही पुढं पुढं कमी होत गेलं.

ज्यांनी नारू पाहिला नाही ते नशीबवान. पाण्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यांबरोबर तो पोटात जातो. वर्षभरानं पायावर फोड येतो, आणि त्यातून हातभर लांब, पांढरा दोऱ्यासारखा कृमी रोज थोडा थोडा बाहेर येतो. पायाची अशी आग होते की माणसाला वाटतं, पाय पाण्यात घालावा. पाय पाण्यात गेला की नारूची पिल्लं पाण्यात पडतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून पायऱ्यांच्या विहिरी म्हणजे नारूचं माहेर. व्यंकटीची आई नागुबाई, तिच्या डाव्या पायाला नारूनं कायमची ओढ दिली होती. तो त्या कामाला लागला तो आईच्या पायाकडं बघूनच.

काम असं, की सायकलवर गावोगाव फिरायचं, फोडाचे पाय शोधायचे, पट्ट्या बांधायच्या, पाणी दुहेरी फडक्यातून गाळा म्हणून घसा कोरडा करायचा, आणि पायऱ्यांच्या विहिरीत ते किडे मारायची दवा टाकायची. ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा औशात पेढे वाटले गेले. नवा जिल्हा, नवी भरती, व्यंकटी आता कायम होणार, असं सगळे म्हणाले. त्यानंही एक पेढा खाल्ला. शहाऐंशी उजाडलं, दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं, तरी तो हंगामीचा हंगामीच होता.

आता त्या शब्दाचं सांगतो. चौऱ्याऐंशी साली नव्या जिल्ह्यानं सगळ्या पाणवठ्यांची नवी यादी मागवली. रजिस्टरात एक रकाना होता, विहिरीचा प्रकार: आड की पायऱ्यांची बारव. तांबडवाडीच्या पानावर व्यंकटीनं गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीच्या विहिरीपुढं बोरूसारखं वळण देऊन लिहिलं, 'बारव'. लिहून झाल्यावर त्यानं शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.

इतकी हौस कशाला, ते कळायला त्याच्या आज्यापर्यंत मागं जावं लागतं. गावाच्या बारवेवर वस्तीच्या माणसाला पाय ठेवायची मुभा नव्हती. कुणी वरून घागरीत पाणी ओतलं तर मिळायचं, नाही तर बसून राहायचं. व्यंकटीचा आजा ग्यानोबा हे सोसून सोसून बेजार झाला. वस्तीच्या अंगाला तांबड्या खडकात त्यानं स्वतः विहीर खणायला घेतली. चार उन्हाळे खणत होता. पाणी लागलं तेव्हा लोक म्हणाले, बस झालं, आता रहाट बसव. ग्यानोबा म्हणाला, गावाच्या बारवेला पायऱ्या हायत, मंग आपल्या का नसाव्यात? आणि त्यानं विहिरीच्या भिंतीत फरशा रोवून पाण्यापर्यंत पायऱ्या उतरवल्या. एकोणीस पायऱ्या. वस्ती तिला तेव्हापासून बारव म्हणत आली. गाव मात्र तिला आडच म्हणे. आड म्हणजे साधी दोर सोडायची विहीर. बारव म्हणजे पायरीपायरीनं, मानानं उतरून जायची जागा. एवढ्या एका शब्दावरून दोनदा डोकी फुटली होती.

तर व्यंकटीनं रजिस्टरात लिहिलेला शब्द हा असा होता. नव्या जिल्ह्याच्या कागदावर आज्याची बारव बारव झाली, याचं त्याला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी घरी येऊन त्यानं बायकोला, सरजाबाईला, गूळ घालून चहा करायला सांगितला.

या बारवेत आणखी एक गोष्ट होती. तळाशी, उगवतीच्या अंगाला, एक माणूस वाकून बसेल एवढी कपार होती. तिथल्या फटीतून झरा यायचा. त्या कपारीतल्या पाण्यात बारीक पांढरे जीव राहायचे. ज्वारीच्या लाहीएवढे, झिंग्याच्या वळणाचे, अंगातून आरपार दिसणारे. डोळे नाहीतच. डोळ्यांच्या जागी डागसुद्धा नाही. वस्तीतल्या बाया त्यांना आंधळ्या म्हणत. कधीमधी एखादी आंधळी घागरीत यायची, गाळायच्या फडक्यावर चमकायची. मग फडकं विहिरीवर उलटं धरायचं, वरून ओंजळभर पाणी सोडायचं आणि तिला परत पाठवायचं. याला माघारी म्हणत. नागुबाईचा तर नेम होता, फडक्यावर काही दिसो न दिसो, माघारी केल्याशिवाय ती घागर उचलायची नाही.

"त्यांचं घर हाय ते," ती म्हणायची. "आपुन मागून आलो."

व्यंकटी गावोगाव सांगत फिरायचा की गाळण्यातला गाळ कोरड्या जमिनीवर झटका, पाण्यात परत टाकू नका. आणि त्याच्या घरात त्याची आई रोज माघारी करायची. लोक हसायचे. तो एकदा तिच्यावर ओरडलाही होता. तिनं शांतपणे फडकं पिळलं आणि म्हणाली, "तुझा नारू पायातून येतो का आंधळीतून, ते अगुदर सांग." उत्तर त्याला ठाऊक होतं.

पंच्याऐंशीत नांदेडला नारूच्या माणसांचं प्रशिक्षण होतं. तिथं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शिवकन्याबाई सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले किडे दाखवत होत्या. व्यंकटीनं पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढून त्यांच्यापुढं ठेवली. तीत तीन आंधळ्या होत्या. दोन एसटीत मेल्या होत्या, एक जिवंत होती. बाई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी कपाटातून दोन जाड पुस्तकं काढली, चाळली, मिटली.

"सोनकांबळे, याला अजून नाव नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे पुस्तकात नाही. हे जमिनीखालच्या पाण्यातच जन्मतात आणि तिथंच मरतात. वर्षाला मोजकी अंडी. एक विहीर नासली तर हे पळून दुसरीकडं जाऊ शकत नाहीत. तुमची ती दवा या पाण्यात पडली, तर दोन दिवसांत एकही उरणार नाही."

"बाई, नारू बी नको न," व्यंकटी म्हणाला.

"नारू नकोच. पण नारू पायानं येतो. पाय पाण्याला लागू देऊ नका, मग दवेची गरज काय?"

हे त्याच्या आईनंच सांगितलं होतं, फक्त बाईंनी पुस्तकं उघडून सांगितलं. परत येताना एसटीत त्याला आईची आठवण येऊन हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

शहाऐंशीच्या चैत्रात गावाची बारव आटली. बहात्तरसालीही ती अशीच आटली होती. वस्तीच्या बारवेत मात्र तळाला गुडघाभर पाणी होतं. मग बहात्तरसारखंच झालं, सगळं गाव घागरी घेऊन वस्तीकडं आलं. दोर पुरेना, म्हणून लोक पायऱ्या उतरून खाली जाऊ लागले. व्यंकटी सायकल बाजूला ठेवून दिवसभर तिथंच बसू लागला. एकोणिसावी पायरी पाण्यात होती. अठराव्या पायरीच्या खाली कुणी उतरायचं नाही, असं ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला.

एका दुपारी रस्त्याच्या कामावरची पार्वतीबाई घागर घेऊन उतरताना दिसली. पाय फरफटत होती. व्यंकटीनं धावत जाऊन तिला सोळाव्या पायरीवर धरलं. घोट्याला बांधलेलं फडकं सोडलं, तर फोड फुटलेला, आणि त्यातून दोरा डोकावत होता.

"भाऊ, लई आग होऊन राहिली," ती रडत म्हणाली. "एकदा पाय बुडवू द्या. एकदाच."

त्यानं तिला उचलून वर आणलं, पाय बादलीत घातला, पट्टी बांधली. पाणी वाचलं होतं.

आता ही नोंद करायची की नाही? गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण आजवर पन्नास गावांत त्यानं लोकांना सांगितलं होतं की नारू लपवू नका. त्यानं संध्याकाळी रजिस्टर काढलं आणि नोंद केली. गाव तांबडवाडी, रुग्ण एक. लिहिताना त्याला कळत होतं की आपण आपल्याच हातानं काय ओढवून घेत आहोत.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर श्रीमंत साहेब आले. नाव श्रीमंत, पण मोटरसायकल धक्का मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही वरून दट्ट्या होता.

"व्यंकटराव, नियम सरळ हाय," ते म्हणाले. "गावात रुग्ण, आणि पायऱ्यांची बारव. दवा टाकावी लागंल. आज सोमवार. पुढच्या सोमवारी म्या डबा घेऊन येतो."

"सायब, तिचा पाय पान्याला लागलाच न्हाई. म्या धरलं तिला."

"हे कागदावर कुठं लिहू?"

"पाण्यात जीव हायत, सायब. नांदेडच्या बाईंनी..."

"जीव मारायलाच तर दवा हाय." मग व्यंकटीचा चेहरा बघून ते जरा थांबले. "हे बघा, आड असता तर सोडून देता आला असता. आडात पाय जात न्हाईत, आडाला दवेचा नियम न्हाई. पर तुमीच लिवलंय न, बारव. किती वळणदार लिवलंय बघा." त्यांनी पान उघडून दाखवलं. चिडवायला नव्हे, त्यांना अक्षर खरंच आवडलं होतं.

त्या आठवड्यात व्यंकटी फार थकला. एरवी सायकलीवर चाळीस मैल मारणारा माणूस ओट्यावर नुसता बसून राहू लागला. एक शब्द खोडला असता तर काम झालं असतं, पण पायऱ्या तर तिथं होत्याच, आणि पायऱ्यांवरून पुढची पार्वतीबाई उतरणारच होती. खोटं लिहून नारू थांबत नाही. दवा टाकली तर आज्याच्या कपारीतलं, पुस्तकातसुद्धा नाव नसलेलं ते घर बुडणार. आणि दवा न टाकण्याचा एकच खरा रस्ता होता. तो त्याला पहिल्याच दिवशी दिसला होता. म्हणूनच तो ओट्यावर बसला होता.

"पायऱ्या काढाव्या लागतील," अखेर शुक्रवारी सकाळी तो आईला म्हणाला.

नागुबाई ज्वारी निवडत होती. तिचे हात थांबले.

"समद्या?"

"समद्या. वर कट्टा, कप्पी, दोर. कुनाचाच पाय खाली जाणार न्हाई."

"तुज्या आज्याला चार उन्हाळे लागले व्यंकटी." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "अन् मंग गाव म्हनंल, आडच व्हता."

"म्हनंल."

"त्या आंधळ्यांला कोन इचारतं गावात?"

"कोनी न्हाई, माय. आपुन इचारतो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, म्या बी येते सरपंचाकडं."

सरपंच महादेवप्पा वाड्याच्या ओसरीवर बसले होते. कप्पी, दोन खांब आणि कट्ट्याला लागणाऱ्या विटा ग्रामपंचायतीकडून हव्या होत्या, आणि विहीर आता आड आहे असं लिहिलेल्या कागदावर त्यांचं दस्तखत. व्यंकटीनं सगळं नीट सांगितलं. महादेवप्पांनी कागद वाचला आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"अरे व्यंकट्या, आमी तर पहिल्यापासून आडच म्हनून राहिलो. तुमीच ऐकत नव्हता."

हे वाक्य येणार हे व्यंकटीला माहीत होतं. ओट्यावर चार दिवस बसून त्यानं या वाक्याचीच तयारी केली होती. तरी ते लागलं, आणि चांगलंच लागलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

नागुबाई मात्र गप्प बसली नाही. लंगडत एक पाऊल पुढं आली.

"आप्पा, बहात्तरला तुमची धाकटी लेक तापानं फणफणली व्हती. तुमच्या मंडळी भर उन्हात एकोणीस पायऱ्या उतरून पानी घेऊन गेल्या. म्या सोता घागर उचलून दिली. तवा त्या काय बोलल्या म्हाईत हाय का? बोलल्या, नागुबाई, तुमच्या बारवंचं पानी लई गार हाय."

महादेवप्पांनी कागद मांडीवर ठेवून दस्तखत केलं. कप्पीचं मी बघतो, एवढंच म्हणाले.

शनिवारी दुपारी ऊन थेट तळापर्यंत आलं तेव्हा व्यंकटी पहार आणि हातोडा घेऊन खाली उतरला. वस्तीतल्या माणसांनी पाण्यावर बाज आडवी टांगली होती आणि तिच्यावर पोती अंथरली होती, म्हणजे माती पाण्यात पडणार नाही. सरजाबाईनं काठावरून आरशानं उन्हाचा कवडसा कपारीत पाडला. व्यंकटी वाकून आत गेला. आंधळ्या होत्या. दहा-बारा तरी असतील. कवडसा त्यांच्या अंगातून आरपार जाऊन तळाच्या तांबड्या खडकावर पडत होता. त्यांना ना उजेडाचं काही, ना त्याचं. एक त्याच्या बोटाजवळून गेली. त्याला रडू आलं, आणि खाली कुणी बघायला नव्हतं म्हणून त्यानं ते येऊ दिलं.

पायऱ्या खालूनच काढाव्या लागत होत्या. अठराव्या पायरीवर उभं राहून एकोणिसावी काढायची, सतरावीवर उभं राहून अठरावी. म्हणजे काढलेल्या पायरीखाली पुन्हा उतरता येणार नव्हतं. ग्यानोबानं फरशा इतक्या खोल रोवल्या होत्या की एकेकीला तासतासभर लागत होता. फरशी सुटली की दोरानं बांधून वर ओढायची. काठावर नागुबाई बसली होती आणि मोठ्यानं मोजत होती. एकोणीस. अठरा. सतरा. मधेच तिला रागही यायचा, मग ती दोर ओढणाऱ्यांना उगाच शिव्या द्यायची. रविवारी दिवस मावळायच्या आत ती एकावर आली. व्यंकटी वर आला तेव्हा त्याच्या तळहातांची सालटं निघाली होती. त्याच फरशा त्यांनी कट्ट्याला लावल्या, विटा थोड्याच लागल्या.

सोमवारी श्रीमंत साहेब दवेचा डबा घेऊन आले. कट्टा पाहिला, कप्पीवरून दोर सोडून स्वतः एक पोहरा काढून पाहिला. मग रजिस्टर पुढं केलं. व्यंकटीनं 'बारव' या शब्दावर रेघ ओढली आणि शेजारी 'आड' लिहिलं. या खेपेला अक्षर वेडंवाकडं आलं. हात दुखत होते म्हणून, असं तो नंतर सांगायचा. साहेब डबा न उघडताच परत गेले.

पुढं चार-पाच वर्षांत त्या भागातला नारू खरोखर गेला. व्यंकटीनं जन्मभर जे मागितलं ते झालं, आणि नारू संपला तसं नारूवाल्याचं कामही संपलं. कायम व्हायचं राहूनच गेलं. सायकल विकली नाही, एवढंच. नागुबाई एका थंडीत गेली. शेवटपर्यंत ती माघारी करत होती, आणि तिच्यानंतर तो नेम सरजाबाईनं घेतला.

पण फडक्यावर आंधळी काही येईना. पोहरा मधल्या पाण्यात पडायचा, आणि त्या तर कपारीच्या अंगाला. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. खाली उतरून बघायची वाट त्यानंच काढून टाकली होती. सगळं ठीक असेल, असं तो दिवसा स्वतःला सांगायचा. मनातून त्याला भीती वाटायची की आतल्या मातीनं, नाही तर आपल्याच पहारीच्या दणक्यांनी त्या तेव्हाच मेल्या असतील, आणि आपण आज्याचा मान गमावून रिकामी कपार राखून बसलो आहोत. शिवकन्याबाईंचं पत्र यायचं, आहेत का म्हणून. त्याला तो उत्तर द्यायचा नाही.

सहाव्या उन्हाळ्यात एका सकाळी सरजाबाईच्या गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून पाण्याला तोच गेला. पाणी खोल गेलं होतं, दोर पुरता सोडावा लागला. पोहरा घागरीत ओतला, आणि फडक्याच्या मधोमध लाहीएवढं पांढरं काही तरी हललं. त्यानं फडकं डोळ्यांजवळ नेलं. आंधळीच्या अंगातून फडक्याचे धागे दिसत होते.

गाळ कोरड्या जमिनीवर झटका, असं पन्नास गावांना सांगणाऱ्या त्या माणसानं कट्ट्यावरून वाकून फडकं उलटं धरलं आणि ओंजळभर पाणी हळूहळू सोडलं. पाणी खाली पोचल्याचा आवाज येईपर्यंत तो तसाच वाकून राहिला.

महादेवप्पा काठी टेकत रस्त्यानं चालले होते. आता नजर कमी झाली होती.

"काय रे व्यंकट्या," त्यांनी हटकलं, "आडात काय टाकून राहिलास?"

"आडात न्हाई, आप्पा," व्यंकटी मान वर न करता म्हणाला. "बारवंत. माघारी केली."

महादेवप्पांनी विहिरीकडं मान वळवली. मग म्हणाले, "हाव. बारवंत," आणि काठी टेकत पुढं गेले.